ऑपरेटर नंबर चौदाचा मेमो

गंगापूर रोड, नाशिक
बुधवार, ११ फेब्रुवारी

ती. मावशीस,

शुभांगीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. हल्ली मी देवापुढेसुद्धा खुर्चीवरूनच वाकते, आणि देवाने अजून त्याबद्दल लेखी खुलासा मागितलेला नाही.) मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला आता लख्ख दिसत असेल आणि सूनबाई वेळेवर डोळ्यांत थेंब घालत असेल, अशी आशा करते. ज्ञानेशला आशीर्वाद. त्याला सांग, आईला सिन्नरला आपल्याजवळ ठेवून घेतलंस हे फार चांगलं केलंस, पण तिचा मोबाइल ‘सायलेंट’वर का ठेवतोस? गेल्या पंधरवड्यात मी तुला नऊ वेळा फोन केला. नवव्या वेळी तू उचललास, ‘कोण बोलतंय?’ विचारलंस, मी ‘शुभांगी’ म्हटलं, आणि तू ‘लाइन क्लिअर नाही, पुन्हा बुक करा’ म्हणून ठेवून दिलास. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला यावर मी काय बोलणार? म्हणून हे पत्र. चष्मा लावून वाच आणि मधेच डुलकी काढू नकोस, कारण यात तुझ्यावर आरोप आहेत.

पहिला आरोप आत्ताच करून टाकते. सन एकोणऐंशीमध्ये तू मला शब्द दिला होतास की माझा मेमो तू फाडून टाकशील. तो तू फाडला नाहीस. तो सध्या जुन्या नाशकात हबीबभाईंच्या माडीवर, सागवानी चौकटीत, काचेखाली लटकतो आहे, आणि त्याच्यावर छोटासा पिवळा दिवासुद्धा सोडलेला आहे. (माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या सख्ख्या बहिणीच्या फोटोवर असा दिवा नाही.) खाली तुझी वळणदार सही, पुढे ‘सुपरवायझर, ट्रंक’. वर माझं माहेरचं संपूर्ण नाव आणि ‘ऑपरेटर क्रमांक १४’. मधल्या खोलीत मागे वळलं की समोर तेच दिसतं.

हबीबभाई कोण ते सांगते, नाहीतर तू पत्र बाजूला ठेवून ज्ञानेशला विचारत बसशील. या गृहस्थांनी चाळीस वर्षं भिंतीवरची घड्याळं दुरुस्त केली. पुढे लोकांनी भिंतीकडे बघणंच सोडलं, तेव्हा दुकान मुलाच्या हवाली करून हे जुने फोन जमवायला लागले. आता माडीवरच्या तीन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. काळे वजनदार फोन, दांडी फिरवायचे फोन, भिंतीवर टांगायचे फोन, डायलला इवलंसं कुलूप लावलेले फोन (शेजाऱ्यांनी येऊन परस्पर फिरवू नये म्हणून, किल्ली सासूच्या कमरेला), आणि क्रोशाच्या टोप्या घातलेले फोन, कारण त्या काळी घरात बाळापेक्षा फोनला थंडी जास्त वाजायची. शिवाय कागद. आपल्या टेलिफोन एक्सचेंजची जुनी दप्तरं रद्दीत निघाली तेव्हा या माणसाने पोतीच्या पोती उचलली. कनेक्शनसाठी केलेले अर्ज, अर्जांची स्मरणपत्रं (एका गृहस्थाची ओळीने अकरा, त्यातलं अकरावं त्याच्या मुलाच्या सहीचं), परगावी लावलेल्या ट्रंक कॉलची तिकिटं, डिरेक्टऱ्या. आणि एक संपूर्ण कपाट लग्नपत्रिकांचं. कशासाठी? तर प्रत्येक पत्रिकेवर खाली ‘फोन अमुक, पी.पी.’ असं छापलेलं आहे म्हणून. आठवतं ना, फोन शेजाऱ्यांचा, पण माणूस हाक मारून बोलावून देणार, त्याला पी.पी. म्हणायचे. एका पत्रिकेवर नवऱ्या मुलाच्या नावापेक्षा पी.पी. नंबर मोठ्या अक्षरात आहे. ते मला योग्यच वाटलं, कारण नवरा मुलगा काय, कुणालाही मिळायचा.

तर मी तिथे का गेले? आमच्या सोसायटीत एक ज्येष्ठ नागरिक संघ आहे. त्याचे चिटणीस कुंदनराव, बँकेतून निवृत्त, प्रत्येक कार्यक्रमाला निमंत्रणपत्रिका छापल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही असे. त्यांनी संघाची सहल हबीबभाईंच्या संग्रहाला काढली आणि पत्रिकेवर छापलं, ‘माहिती सांगतील, अडतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेत एकही मेमो न घेतलेल्या आपल्या शुभांगीताई.’ आता हे वाक्य त्यांनी मनाने लिहिलेलं नाही. ते मी गेली बारा वर्षं सांगते आहे. पार्किंगच्या भांडणात सांगितलंय, पाण्याच्या टाकीच्या मीटिंगमध्ये सांगितलंय, सुनेला तर तिच्या माहेरच्या माणसांदेखत सांगितलंय. आणि ते खोटंही नव्हतं, मावशी. फाडलेला मेमो हा मेमो नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे तो फाडलेला होता.

सहलीच्या चार दिवस आधी मी एकटीच पाहणीला गेले. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला दोनच गोष्टी पक्क्या शिकवल्या. ताठ बसायचं, आणि चूक दिसली की गप्प बसायचं नाही. पहिली आता पाठ ऐकत नाही, दुसरी अजून चालू आहे.) दारातच एका फोनवर चिठ्ठी होती, ‘ब्रिटिशकालीन, कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यातील.’ मी म्हटलं, हबीबभाई, हा कुठल्यातरी साखर कारखान्याचा इंटरकॉम आहे, यावरून कलेक्टरसाहेबांना फार तर मळीचा हिशेब कळला असता. ते वहीत लिहून घेत होते, म्हणून मला चेव आला. मधल्या खोलीत त्यांनी आपला स्विचबोर्ड मांडला आहे, अगदी आपलाच, दोऱ्या, पिना, किल्ल्या सगळं जिथल्या तिथे, आणि त्याच्यापुढे ऑपरेटर म्हणून साडीच्या दुकानातली बाहुली बसवली आहे. एक हात मोडका, अंगावर लाल पैठणी, नाकात नथ, आणि हेडसेट असा लावलेला की बोलायचा भोंगा मानेच्या मागे. मी विचारलं, ही बाई ट्रंक लावते आहे की बोहल्यावर उभी राहायला निघाली आहे? त्यांची बायको सुरय्या चहा घेऊन आली होती, ती इतकी हसली की तिला ट्रे खाली ठेवावा लागला. मी त्या बाहुलीचा भोंगा सरळ केला, मागे वळले, आणि समोर माझं नाव.

मेमोतला मजकूर तुला पाठ असेल, तूच लिहिलास. तरी त्या इंग्रजीचं मराठी करून देते (उद्गार तेवढे तू रोमन अक्षरांत मराठीच ठेवलेस), म्हणजे पुढचे आरोप नीट कळतील. ‘नामपूर येथील कांद्याचे व्यापारी यांनी कलकत्त्याच्या लाइटनिंग कॉलविषयी चौकशी केली असता, ऑपरेटर क्रमांक १४ यांनी, नामपुरात कांदा फक्त आपलाच पिकतो काय, असे अनुचित उद्गार काढले. खुलासा द्यावा.’ लाइटनिंग म्हणजे सगळ्यांत महाग कॉल, तो सगळ्यांच्या पुढे लागणार, हे खरं. पण कलकत्त्याची लाइनच मेली होती, त्याला मी काय करू? आणि तो माणूस चौकशी करत नव्हता, दर चार मिनिटांनी माझा जीव खात होता. सकाळी साडेनऊपासून दीडपर्यंत. बाकीच्या मुली याहून कितीतरी बोलायच्या, त्यांच्याकडे तू कानाडोळा केलास. मला मात्र मेमो, कारण काय, तर भाचीला सोडलं असं कुणी म्हणू नये. ड्यूटीवर मी तुला ‘मॅडम, आपण’ म्हणायचे, पाच वाजता फाटकाबाहेर पडलो की ‘मावशी, तू’. त्या दिवशी फाटकाबाहेरसुद्धा मी ‘मॅडम’ म्हटलं, तेव्हा कुठे तू म्हणालीस, ‘बरं बाई, फाडून टाकते.’

मी हबीबभाईंना म्हटलं, हा कागद मला द्या. ते म्हणाले, ‘मॅडम, कागद मी विकत नाही.’ मी म्हटलं, विकत कोण मागतंय, माझा आहे तो. ते म्हणाले, ‘नाव तुमचं आहे. कागद माझा आहे. रद्दीची पावती दाखवू?’ मग मी चार दिवस उतरवून ठेवा म्हटलं, तर म्हणतात कसे, ‘लोक खास त्याच्यासाठी येतात. मालेगावहून एकजण दोनदा येऊन गेला. फोटो काढतात, हसतात.’ मी विचारलं, कशाला हसतात? तर मान खाली घालून म्हणाले, ‘ते आता मी तुमच्या तोंडावर कसं सांगू?’ सुरय्याने माझी बाजू घेतली, ‘अहो, द्या ना त्यांना, बिचाऱ्यांची इज्जत आहे.’ त्या ‘बिचाऱ्या’वर मी चहा अर्धा टाकून उठले.

सहलीच्या दिवशी मी संघाच्या आधी पाऊण तास पोचले आणि मेमोच्या पुढे पाठ करून उभी राहिले. माझी उंची तुला माहीत आहे, ती या एका कामासाठी बरोबर पुरली. चौकट संपूर्ण माझ्या डोक्यामागे. सव्वा तास, मावशी, मी त्या जागेवरून हलले नाही. तीन खोल्यांची माहिती मी एका खोलीतून, एका पायावरून दुसऱ्या पायावर जात, हातवारे करून सांगितली. ‘आता पलीकडच्या खोलीत डावीकडे बघा, काळा फोन दिसेल, त्याच्या डायलला कुलूप आहे, दिसलं?’ पलीकडून आवाज, ‘दिसलं!’ ‘मग पुढे सरका!’ कुंदनराव म्हणाले, ताई, आत या ना. मी म्हटलं, ट्रंक ऑपरेटर जागा सोडत नाही, हीच तर शिस्त होती. त्यावर टाळ्या पडल्या. सरबत आलं, ते उभ्याने प्याले. ग्रूप फोटो निघाला, तो सगळ्यांना माझ्याभोवती बोलावून.

घात केला तो सुरय्याच्या चांगुलपणाने. तिने बाजूने येऊन माझ्या गुडघ्यांमागे स्टूल लावलं, खांद्यावर हात ठेवला, ‘आपा, बसा ना, केव्हाच्या उभ्या आहात’ म्हणाली, आणि माझे गुडघे मला न विचारता बसले. माझ्या डोक्यावर, दिव्याखाली, मेमो उगवला. वीस म्हातारे आणि बारा म्हाताऱ्या पुढे सरकल्या. एकाचाही चष्मा त्या दिवशी घरी राहिला नव्हता. कुंदनरावांनी इंग्रजी वाचून मोठ्याने मराठी केलं. (चुकीचं केलं. मी बसल्या बसल्या दुरुस्त केलं. सवय.) मला वाटलं, संपलं. बारा वर्षांची अब्रू, पाण्याच्या टाकीसकट.

आणि मग आमचे सहादूअण्णा बोलले. आमची सोसायटी आज जिथे उभी आहे तिथे पूर्वी यांचा टोमॅटो आणि कोथिंबिरीचा मळा होता. जागा गेली, त्या बदल्यात त्यांना आमच्या खालचा फ्लॅट मिळाला. त्यांनी मेमोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘एवढंच?’ मग मेमोकडे बोट केलं. ‘नाय, म्हंजे ताई, एवढ्यावर मेमो? परवा माझी मोटरसायकल तुमच्या जागेत लागली, तवा तुम्ही मला याच्या धापट बोलल्या. मी काय मेमो मागितला का?’ त्याबरोबर जो हशा उठला! कुंदनराव डोळे पुसत म्हणाले, ‘ताई, तुमचं एकही मेमो नसल्याचं आमच्यापैकी कुणालाच खरं वाटत नव्हतं. पण मेमो असेल तर जोरदार असेल, असं वाटलं होतं.’ एक बाई तर स्पष्टच बोलल्या, ‘यापेक्षा आमची भांडीवाली चांगलं बोलते.’

मावशी, मी सांगते तुला, मेमो सापडल्याचं मला जेवढं दुःख झालं नव्हतं, तेवढं या ‘एवढंच’चं झालं. आणि तिथे, त्या स्टुलावर बसल्या बसल्या, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की मी ते वाक्य बोललेच नव्हते! नामपुरात कांदा फक्त आपलाच पिकतो काय. हे माझं वाक्य आहे? ‘आपलाच’? ‘पिकतो काय’? हे तर कृषी खात्याच्या प्रश्नावलीसारखं वाटतं. चार तास छळलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे येईल? तू माझं वाक्य बदललंस. खरं वाक्य लिहिलं असतं तर मेमोवर भागलं नसतं, नोकरीवर आलं असतं, म्हणून तू ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून फाइलला लावलंस. हा माझा दुसरा आरोप, आणि हा पहिल्यापेक्षा गंभीर आहे. माझ्याजवळ पुरावा आहे. मूळ वाक्य ऐकून तो व्यापारी तब्बल दोन मिनिटं काहीही बोलला नव्हता. नामपूरचा कांदा व्यापारी, मावशी! लिलावात ज्याचा आवाज सटाण्यापर्यंत जायचा! तो दोन मिनिटं गप्प बसला, मग हळूच ‘कॉल कॅन्सल करा’ म्हणाला, आणि पुढची सात वर्षं तो माझ्या पाळीत कॉल बुक करायचा नाही. हे काम त्या मिळमिळीत वाक्याचं आहे, असं मालेगावहून दोनदा आलेल्या माणसाला वाटत असेल. मला नाही वाटत.

हे मी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं. सहादूअण्णांनी लगेच विचारलं, ‘मंग खरं काय बोलल्या होत्या?’ मी उठून उभी राहिले, पदर नीट केला आणि म्हटलं, ‘ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही.’ अहाहा! काय नजरेने बघितलं माझ्याकडे सगळ्यांनी! येताना बसमध्ये मला खिडकीची जागा दिली. तेव्हापासून कुणी ना कुणी रोज दार वाजवतंय. फिरायला निघाले की मागून दोघी येतात, ‘ताई, आम्हाला तरी सांगा.’ पार्किंगची जागा आपोआप रिकामी राहायला लागली. आणि कुंदनरावांनी, जेवण जायचं म्हणून, नवी पत्रिका छापली आहे. ‘रविवार, २२ फेब्रुवारी, सायंकाळी पाच. शुभांगीताई मूळ वाक्य सांगतील. फक्त सभासदांसाठी.’

हबीबभाईंनाही मी म्हटलं, निदान ‘मजकूर सौम्य केलेला आहे’ अशी चिठ्ठी तरी खाली लावा. ते मान हलवून म्हणाले, ‘मॅडम, कागदाच्या विरुद्ध तोंडी नाही चालत. कागदाला कागद आणा. ज्यांनी लिहिला त्यांच्याच सहीचा.’ मला त्यांचं पटलं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

असो. माझं तुझ्याकडे काही मागणं नाही. तू मला वाचवायला केलंस हे न समजण्याइतकी मी लहान नाही, आणि सत्तेचाळीस वर्षांनी भांडण्याइतकी रिकामीही नाही. केवळ घडलं ते कळवावं, एवढाच हेतू. डोळ्यांना जप, पुदिन्याची चटणी खात जा, आणि ज्ञानेशला मोबाइलचं तेवढं बघायला सांग.

तुझी आज्ञाधारक (कुठे हसलीस ते कळलं मला) भाची,
शुभांगी

ता.क. एक छोटंसं काम आहे. सोबत कोरा कागद आणि माझा पत्ता घातलेलं पाकीट पाठवते आहे. त्यावर तुझ्या अक्षरात एवढंच लिही की, ‘सदर मेमोतील उद्गार मी सौम्य केले होते, मूळ उद्गार पुढीलप्रमाणे.’ मग मूळ उद्गार, खाली सही आणि ‘सुपरवायझर, ट्रंक (निवृत्त)’. निवृत्त लिहायला विसरू नकोस, हबीबभाई बारीक वाचतात. एकवीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे.

ता.क. दुसरं. ‘मूळ उद्गार तूच सांग, मी लिहिते’ असं उलट कळवू नकोस. मला आठवत नाही. सहलीच्या रात्रीपासून प्रयत्न करते आहे. ‘कांदा’ होता हे नक्की. त्याच्या आजोबांचा उल्लेख होता असं वाटतं. बाकी कोरी पाटी. ते वाक्य ऐकलेली माणसं तीन, त्यातला तो बिचारा केव्हाच गेला, आणि मी ही अशी. उरलीस तू. तुझ्या कानाला हेडफोन होता, माझी लाइन तू ऐकत होतीस.

ता.क. तिसरं. आठवलं नाही तर आपण दोघी मिळून एखादं रचू, असं तुझ्या मनात येईल. चालणार नाही. रचलेली माझ्याकडे आत्ताच सहा आहेत, आणि सहाही चांगली आहेत. मला खरं हवं. त्या दुपारी वाक्य पूर्ण झाल्याबरोबर तू हेडफोन काढलास आणि तोंडाला पदर लावून माठाकडे निघून गेलीस. काचेपलीकडे तुझे खांदे हलत होते. भाचीने नाक कापलं म्हणून मॅडम रडताहेत, असं मी तेव्हा समजले आणि कालपरवापर्यंत तसंच समजत होते. मावशी, तू रडत नव्हतीस. जे ऐकून तुझे खांदे हलले, ते लिहून पाठव.